गिलावा ओला असेपर्यंत: नको असलेले सरकारी निर्णय बदलणे इतके अवघड का जाते?

9 मे 2025 रोजी मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे 6 रुपयांवरून 12 रुपये. त्या आठवड्यात सकाळच्या बसमध्ये रोज तीच वादावादी चालत असे. घरकामाला निघालेल्या एका बाईने पाचाचे नाणे पुढे केले, वाहकाने मान हलवली, तिने पदराच्या गाठीतून आणखी एक नाणे काढले आणि विचारले, "आम्हाला कोणी विचारलं होतं का?" वाहक म्हणाला, "मावशी, आम्हाला तरी कोण विचारतं?" पुढच्या थांब्यावर गर्दी चढली आणि विषय तिथेच संपला.

तिचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही, कारण तो अगदी नेमका होता. मत आपले आहे, बोलण्याचा आणि शांततेने एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या 19व्या अनुच्छेदाने दिलेला आहे, न्यायालयाचे दार उघडे आहे, माहितीचा अधिकार आहे. एवढी साधने हाताशी असूनही बहुतेकांना नको असलेला एखादा निर्णय मागे घ्यायला लावणे इतके कठीण का होते, हे या लेखात पायरीपायरीने पाहायचे आहे. मुंबई महापालिकेची निवडणूक जवळपास चार वर्षांच्या विलंबानंतर 15 जानेवारी 2026 रोजी झाली, आणि "आता आपला नगरसेवक आला, आता बघू" असे पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. अशा वेळी हे समजून घेण्याची गरज अधिकच आहे.

गवंड्याचा गिलावा

भिंतीला नुकताच गिलावा केलेला असताना बोटाने रेघ मारली तरी ती उमटते. दुसऱ्या दिवशी तीच रेघ मारायला छिन्नी-हातोडा लागतो आणि महिन्याभराने भिंतच फोडावी लागते. सरकारी निर्णयाचेही असेच असते. तो प्रथम एखाद्या विभागात टिपणी म्हणून जन्मतो, मग सल्लागाराचा अहवाल येतो, मग बैठक होते, मसुदा होतो, निविदा निघते, ठेकेदार नेमला जातो, पैसे खर्च होऊ लागतात. या प्रवासात सुरुवातीला एका पत्राने जे बदलू शकले असते, ते शेवटी हजारोंच्या मोर्चानेही बदलत नाही, कारण तोवर त्यावर पैसा, करार आणि कोणाची तरी प्रतिष्ठा चढलेली असते.

आपली लोकशाही साधने निकामी आहेत असे मला वाटत नाही. बहुतेक साधने आपल्या हाती येतात तेव्हा गिलावा वाळलेला असतो, हे खरे दुखणे आहे. निर्णय ओला असताना तो कोणाच्या टेबलावर आहे हे आपल्याला कळत नाही, आणि कळते तेव्हा घराबाहेर खोदकाम सुरू झालेले असते. पुढचे सगळे मुद्दे याच एका गोष्टीच्या निरनिराळ्या बाजू आहेत.

एका मतात किती गोष्टी मावतात?

"नको असेल तर पुढच्या निवडणुकीत पाडा," हा सर्वांत सोपा सल्ला असतो. पण मत हे एकाच बटणाचे काम आहे आणि त्या एका बटणात पाणी, रस्ते, शाळा, नोकऱ्या, जात, भाषा, उमेदवाराचा स्वभाव आणि पक्षाचा इतिहास हे सगळे कोंबलेले असते. एक भाजी आवडली नाही म्हणून कोणी अख्खी राइस प्लेट परत पाठवत नाही. बसचे भाडे नको पण बाकीचे धोरण हवे, असे मतपत्रिकेवर लिहायची सोय नाही. निकाल लागल्यावर मात्र विजयी पक्ष प्रत्येक निर्णयाबद्दल सांगू शकतो की याला जनतेचा कौल आहे.

त्यात आपली निवडणूक पद्धत अशी आहे की मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. निम्म्याहून जास्त मते मिळालीच पाहिजेत असे बंधन नाही. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून सुमारे 48 टक्के मते मिळाली आणि 288 पैकी 230 जागा मिळाल्या. हे नियमांनुसारच झाले आहे आणि या नियमाचा फायदा वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या पक्षांनी घेतला आहे. परंतु सभागृहातले बळ आणि समाजातले बळ यांत किती अंतर पडू शकते ते यातून दिसते.

एकेका प्रश्नावर थेट लोकांचा कौल घेणे, म्हणजे सार्वमत, हा प्रकार आपल्याकडे जवळजवळ नाहीच. मुंबईच्या उंबरठ्यावर रायगड जिल्ह्यात 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण परिसरातील 22 गावांमध्ये महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, यावर असे मतदान झाले होते. त्या कौलाचे सरकारवर कायदेशीर बंधन नव्हते. पुढे मुदतीत भूसंपादन पुरे न झाल्याने ते बारगळले. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे लढून मिळवलेली ती मतपेटी पुन्हा फारशी कुठे दिसली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आपला आमदार आपल्या बाजूने हात का वर करत नाही?

समजा, तुमच्या सोसायटीच्या कमिटीत तुमच्या विंगचा एक प्रतिनिधी आहे आणि नियम असा आहे की त्याने आपल्या गटाच्या प्रमुखाविरुद्ध हात वर केला तर त्याचे कमिटीतले पदच जाईल. तुमच्या विंगमध्ये पाणी येत नसले तरी तो सभेत काय करील, याचा अंदाज सहज बांधता येतो.

1985 साली 52व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली, तिलाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. पक्षाने मतदानाबाबत काढलेल्या आदेशाला व्हिप म्हणतात; परवानगीवाचून व्हिपच्या विरोधात मत दिले आणि पक्षाने ते माफ केले नाही, तर आमदारकी किंवा खासदारकी जाऊ शकते. महाराष्ट्रात 1986 च्या स्वतंत्र कायद्याने नगरसेवकांनाही असेच बंधन आहे. पैशाच्या आणि पदाच्या आमिषाने होणारी फोडाफोडी थांबावी हा यामागचा हेतू चांगला होता. फोडाफोडी थांबली का, याचे उत्तर महाराष्ट्राने 2022 पासून पुरेसे पाहिले आहे. पण या कायद्यामुळे एक गोष्ट नक्की झाली: मतदारसंघातून कितीही पत्रे आली तरी व्हिप निघाल्यावर प्रामाणिक आमदाराचेही हात बांधले जातात. म्हणून आमदाराला गाठायचे असेल तर पक्षाची भूमिका ठरण्यापूर्वी गाठावे लागते, आणि ती कधी ठरते हे बाहेर कोणालाच सांगितले जात नाही.

मुंबईकरांच्या बाबतीत तर काही काळ ही पायरीसुद्धा शिल्लक नव्हती. राज्यघटनेच्या 243-यू या अनुच्छेदानुसार महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. 2017 मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागांची संख्या यांवरचे वाद न्यायालयात अडकले आणि महापालिका आयुक्तच प्रशासक झाले. आयुक्त म्हणून मांडलेला प्रस्ताव त्याच व्यक्तीने प्रशासक म्हणून मंजूर करायचा, अशी ती व्यवस्था होती. 2025-26 चा 74,427 कोटी रुपयांचा अर्थसंकल्प 227 पैकी एकाही निर्वाचित नगरसेवकाच्या चर्चेविना मंजूर झाला. बसभाडे वाढले तेव्हा बेस्ट समिती नव्हती, महापालिकेचे सभागृह नव्हते. बेस्ट प्रशासनाचा प्रस्ताव महापालिका प्रशासनाकडून परिवहन प्राधिकरणाकडे गेला आणि मंजूर झाला. बसमधल्या त्या बाईच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच होते: तिच्या वतीने ज्याला विचारले गेले असते, तो माणूसच त्या दिवशी पदावर नव्हता.

कायदा वेगळा आणि जीआर वेगळा

सरकारचे सगळेच निर्णय विधानसभेत होतात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात रोजच्या जगण्याला भिडणारे बरेचसे निर्णय शासन निर्णयाने, म्हणजे ज्याला सर्वजण जीआर म्हणतात त्या आदेशाने होतात. कायद्याला विधेयक, चर्चा आणि मतदान लागते. जीआरला सचिवालयातली मंजुरी आणि सही पुरते, आणि तो संकेतस्थळावर चढला की अमलात येतो. काढायला सोपा, तसाच मागे घ्यायलाही सोपा.

2025 च्या पावसाळ्यात ही दोन्ही रूपे अकरा दिवसांच्या अंतराने पाहायला मिळाली. 16 एप्रिलच्या जीआरने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. विरोध झाल्यावर 17 जूनच्या सुधारित जीआरमध्ये सक्तीचा शब्द सौम्य झाला, पण हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गातल्या किमान 20 मुलांनी ती मागावी अशी अट आली. शिक्षक, लेखक, पालक, भाषातज्ज्ञ आणि विरोधी पक्ष सगळे एकाच वाक्यावर उभे राहिले, 5 जुलैला मोर्चा जाहीर झाला, आणि 29 जून रोजी दोन्ही जीआर रद्द झाले. मोर्चाच्या दिवशी वरळीत विजयी मेळावा झाला. पुढे काय करायचे हे ठरवण्यासाठी नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, म्हणजे प्रश्न संपला नाही, पण सक्ती थांबली.

त्यानंतर 10 जुलै रोजी विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झाले आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत. या विधेयकावर संयुक्त समितीकडे 12,000 हून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. समितीने काही शब्दरचना बदलली, पण संघटनेला बेकायदा ठरवण्याच्या अधिकाराचा मूळ साचा कायम राहिला. विधानसभेतले मतदान आवाजी होते, म्हणजे सदस्य मोठ्याने "होय" किंवा "नाही" म्हणतात आणि अध्यक्ष आवाजावरून निर्णय देतात. अशा मतदानात कोणी काय म्हटले याची नावानिशी नोंद राहत नाही. पुढच्या निवडणुकीत जाब विचारायचा तर कोणाला आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न मतदारासमोर उरतोच.

दोन्ही वेळी विरोध करणारे कमी पडले असे म्हणता येत नाही. फरक प्रश्नाच्या स्वरूपात होता. भाषेचा प्रश्न पहिलीत मूल असलेल्या प्रत्येक घरात त्याच आठवड्यात शिरला होता, एका वाक्यात सांगता येत होता, महापालिकेच्या निवडणुका डोक्यावर होत्या आणि कागद एका सहीने मागे घेता येत होता. जनसुरक्षा कायद्याची झळ कोणाला आणि कधी लागेल हे कोणालाच नेमके सांगता येत नव्हते. धोका दूरचा आणि शब्द कायद्याचे असले की हजारो हरकती येऊनही गल्लीत त्याची चर्चा होत नाही.

अडीचशे रुपयांचा हिशेब

आता पुन्हा त्या बसमध्ये जाऊ. एका फेरीला 5 रुपये जास्त, दिवसाला दोन फेऱ्या, महिन्याचे 25 दिवस: त्या बाईचे महिन्याला 250 रुपये वाढले. तिच्यासाठी ही रक्कम लहान नाही. एका गॅस सिलिंडरचा चांगलाच वाटा त्यात निघतो. पण विरोध करायचा तर एक दिवस कामावर खाडा करून आझाद मैदान गाठावे लागते. तीन घरांचा खाडा, त्यातल्या एका घरी ऐकून घ्यावी लागणारी बोलणी, जाण्या-येण्याचा खर्च, आणि एवढे करून भाडे कमी होईलच याची खात्री नाही. शिवाय ती गेली नाही आणि इतर गेले, तरी भाडे कमी झाल्यावर तिलाही तोच फायदा मिळणार. म्हणून ती जात नाही. तिच्याजागी मी असते तर मीही गेले नसते.

आता दुसरी बाजू पाहा. एखाद्या धोरणाने ज्याला कोट्यवधींचा फायदा होणार आहे, त्या ठेकेदाराला किंवा विकासकाला वकील, सल्लागार आणि मंत्रालयात रोज फेऱ्या मारणारा माणूस ठेवणे सहज परवडते. तोटा लाखो लोकांत थोडाथोडा वाटला गेला आणि फायदा मोजक्यांच्या हाती साठला, की मोजक्यांचा आवाज मोठा होतो. यासाठी कोणी भ्रष्ट असण्याचीही गरज नाही. एकाला रोज वेळ आहे आणि दुसऱ्याला महिन्यातून एक दिवससुद्धा नाही, एवढे पुरते. लोक उदासीन आहेत म्हणून लोकशाही चालत नाही, असे बोलणारे बहुतेकदा ज्यांचा पगार खाड्याने कापला जात नाही असे असतात, हे माझे निरीक्षण आहे.

हरकती आणि सूचना

गिलावा ओला असताना आत शिरायची कायदेशीर वाट म्हणजे हरकती व सूचना. शहर नियोजनात, महापालिकेच्या उपविधींत आणि झाडे तोडण्याच्या प्रस्तावांत ठरावीक मुदतीत नागरिकांनी लेखी म्हणणे द्यायचे आणि मग सुनावणी व्हायची, अशी ही पद्धत आहे. तिच्यात ताकद आहे, याचा पुरावा मुंबईनेच दिला आहे. 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून पाहिला आणि उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते, हरवलेली वारसास्थळे आणि चुकीची आरक्षणे बाहेर काढली. 60,000 हून अधिक हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये सरकारने तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितला. तेव्हा एकही वीट रचलेली नव्हती, फक्त कागद होता.

चार वर्षांनी आरेच्या झाडांसाठी 80,000 हून अधिक हरकती आल्या, म्हणजे आधीपेक्षाही जास्त. तरी 29 ऑगस्ट 2019 रोजी वृक्ष प्राधिकरणाने मेट्रो 3 च्या कारशेडसाठी 2,185 झाडे तोडायला मंजुरी दिली. मेट्रो हवी असणारेही मुंबईकरच होते, हे मला इथे मुद्दाम सांगावेसे वाटते; लोकलच्या दारात लटकून जाणाऱ्याला मेट्रो नको कशी असेल? पण हरकती ज्या प्रश्नावर मागवल्या होत्या तो झाडांचा होता, आणि कारशेडची जागा, करार आणि बोगदे यांचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी सुटून गेला होता. 2016 पासून काम सुरू होते. वाळलेल्या भिंतीवर मारलेल्या 80,000 रेघा उमटल्या नाहीत.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी अशाच एका सुनावणीला गेले होते. खेळाच्या मैदानासाठी राखीव असलेल्या एका भूखंडाचे आरक्षण बदलायचा प्रस्ताव होता. जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात आली होती आणि भूखंड आमच्या नेहमीच्या नावाने नव्हे, तर सीटीएस क्रमांकाने, म्हणजे नगर भूमापनाच्या क्रमांकाने लिहिला होता, त्यामुळे शेजारच्या चाळीतल्या कोणालाच तो आपला आहे हे कळले नाही. आम्ही 43 जणांनी अर्ज दिले. सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला होती. आलो नऊ जण. पोळीभाजीचे डबे करणाऱ्या एका वहिनी डबे पोहोचवून धावत आल्या होत्या, हातांना अजून पीठ होते. अधिकारी सभ्य होते, पण प्रत्येकाला तीन मिनिटे मिळाली. वहिनींनी एकच विचारले: "साहेब, नकाशात आमचं मैदान कोणत्या रंगाचं आहे?" अधिकाऱ्यांनी नकाशा फिरवून दाखवला. तो हिरवाच होता. त्या म्हणाल्या, "मग ते तसंच ठेवा." लिपिकाने ते वाक्य लिहून घेतले की नाही, ते मला दिसले नाही.

नंतर माहितीच्या अधिकारात मी सुनावणीचा अहवाल मागितला. आम्हा 43 जणांच्या म्हणण्यावर त्यात एक ओळ होती: प्राप्त हरकतींचा विचार करण्यात आला आहे. कायदा ऐकून घ्यायला सांगतो. प्रत्येक मुद्द्याला कारणासह उत्तर द्यायला लावणारी सक्ती फार थोड्या ठिकाणी आहे. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत मोठे भगदाड हेच आहे.

मग कोर्टात जाता येत नाही का?

जाता येते, आणि जनहित याचिकेमुळे ज्याचे स्वतःचे नुकसान झालेले नाही अशा नागरिकालाही जाता येते. पण न्यायालय निर्णय कायदेशीर आहे का ते पाहते, शहाणपणाचा आहे का ते पाहत नाही. धोरण ठरवणे हे निवडून आलेल्या सरकारचे काम आहे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2000 च्या नर्मदा धरणाच्या प्रकरणात आणि 2001 च्या बाल्को या सरकारी कंपनीच्या खासगीकरणाच्या प्रकरणातही घेतली आहे. त्यामुळे "हे भाडे आम्हाला परवडत नाही" हा युक्तिवाद कोर्टात फारसा टिकत नाही. "हे भाडे ठरवण्याचा अधिकारच यांना नव्हता" हा टिकू शकतो.

दुसरी अडचण वेळेची आहे. आरेच्या याचिका उच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2019 रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर 2,141 झाडे पडली होती. सागरी किनारा मार्गाची परवानगी उच्च न्यायालयाने 16 जुलै 2019 रोजी रद्द केली होती. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती देऊन काम सुरू करू दिले आणि मार्च 2024 मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. झालेला भराव समुद्रातून परत काढायचा आदेश कोणते न्यायालय देणार?

मैदानात उतरले की सरकार नमते, हे खरे आहे का?

कधी नमते. पण नमल्यावर काय मिळते, ते पाहायला हवे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत शेतकरी आणि आदिवासी मुंबईत आले. दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून सोमय्या मैदानावरून ते रात्रीच निघाले आणि पहाटे आझाद मैदानात पोहोचले. त्यांच्या सोललेल्या टाचा ज्या मुंबईकरांनी पाहिल्या ते त्या विसरलेले नाहीत. सरकारने लेखी आश्वासन दिले. वनजमिनीचे आणि इतर प्रश्न पुरे न सुटल्याने फेब्रुवारी 2019 मध्ये आणि मार्च 2023 मध्ये पुन्हा मोर्चा काढावा लागला. मोर्चा हा काही दिवसांचा असतो आणि अंमलबजावणी ही तहसील कार्यालयात वर्षानुवर्षे चालणारी गोष्ट आहे. तिथे रोज जाऊन बसायला कोणाकडे वेळ असतो?

आता आझाद मैदानासाठी 2025 चे नियम आहेत: सकाळी 9 ते संध्याकाळी 6 आणि जास्तीत जास्त 5,000 माणसे. शहराची वाहतूक बंद पडू नये ही काळजी रास्त आहे. पण ज्या आंदोलनाची वेळ, जागा आणि संख्या आधीच ठरलेली आहे, ते सहन करणे सरकारला सोपे जाते, हेही तितकेच खरे.

संयुक्त महाराष्ट्र तर आंदोलनानेच मिळाला ना?

हा आक्षेप कोणताही मराठी वाचक घेईल, आणि घ्यायलाच हवा. हुतात्मा चौकातून जाताना माझ्याही मनात तो येतो. पण त्या लढ्याचा काळ पाहा: नोव्हेंबर 1955 च्या गोळीबारापासून 1 मे 1960 पर्यंत साडेचार वर्षे, शंभरावर हुतात्मे, आणि मध्ये 1957 ची निवडणूक. त्या निवडणुकीत डावे, समाजवादी, शेकाप आणि इतर पक्ष आपापले मतभेद बाजूला ठेवून संयुक्त महाराष्ट्र समिती म्हणून लढले आणि मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर फटका बसला. त्या एका निवडणुकीत राइस प्लेटमध्ये एकच पदार्थ होता. रस्त्यावरचा राग मतपेटीत जसाच्या तसा उतरला, म्हणून दिल्लीला ऐकावे लागले. असे एखाद्या पिढीत एकदा घडते. कचऱ्याच्या शुल्कासाठी किंवा बसभाड्यासाठी तशी समिती उभी राहत नाही, आणि तिने 106 माणसे गमवावीत अशी अपेक्षा करणेही क्रूरपणाचे आहे.

लोकांना नको असलेले सगळेच वाईट असते का?

नसते. 1891 चा संमतिवयाचा कायदा मुलींच्या संमतीचे वय 10 वरून 12 वर नेणारा होता. टिळकांसारख्या लोकप्रिय नेत्याने त्याला विरोध केला आणि आगरकरांनी पाठिंबा दिला. ते राज्य परकीयांचे होते हे लक्षात ठेवले तरी, आज आगरकरांच्या विरुद्ध बाजूला उभे राहायला कोणी तयार होणार नाही. सरकारने प्रत्येक गलक्यापुढे झुकावे, असे माझे म्हणणे नाही. कधीकधी भाडे खरोखरच वाढवावे लागते. बेस्टने 9 जुलै 2019 रोजी किमान भाडे 8 वरून 5 रुपयांवर आणले होते आणि तोट्याचा डोंगर कोणीतरी उपसायचाच होता. पण नकार देणे आणि उत्तरच न देणे यांत फरक आहे. तोटा किती, तो का झाला, भाडे दुप्पट न करता दुसरा मार्ग का नव्हता, हे भाडे वाढण्याच्या आधी थांब्यावर लावलेल्या एका कागदावर वाचायला मिळाले असते, तर त्या बाईने कदाचित कुरकुरत का होईना, दुसरे नाणे स्वतःहून काढले असते.

ओला गिलावा ओळखायचा कसा?

वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी हे करून दाखवले आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून त्यांच्या बोटी जायच्या होत्या आणि दोन खांबांमधले अंतर 60 मीटर ठेवलेले होते. भरती, वारा आणि लाटा यांत बोट कशी हेलकावते हे ते रोज अनुभवत होते. त्यांनी प्रकल्पच रद्द करा असे म्हणण्याऐवजी मीटरमध्ये मागणी केली, समुद्रात बोटी आडव्या घातल्या आणि खांब उभे राहण्याआधी हटून बसले. 160 मीटरची मागणी होती. डिसेंबर 2022 मध्ये एक खांब वगळून 120 मीटरवर तोडगा निघाला. पूर्ण विजय नव्हता, पण बोटींना वाट मिळाली.

त्यांच्याकडून आम्ही आमच्या वॉर्डात शिकलो. मैदानाच्या सुनावणीनंतर दोनेक वर्षांनी एका रस्त्याच्या रुंदीकरणाचा प्रस्ताव आला. या वेळी वहिनींचा मुलगा दर आठवड्याला जाहिराती चाळत होता, त्यामुळे सूचना निघाल्याच्या चौथ्या दिवशीच आम्हाला कळले. आम्ही सामुदायिक निवेदन दिले नाही. 19 मुद्दे क्रमांक घालून वेगवेगळे लिहिले, प्रत्येकाखाली "याचे कारणासह उत्तर मिळावे" अशी ओळ घातली, पोच घेतली, आणि सुनावणीनंतर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून अहवाल मागितला. या वेळी तो अकरा पानांचा आला. 18 मुद्द्यांवर नकार होता, पण प्रत्येकाचे कारण दिलेले होते, आणि त्यातली काही कारणे आम्हालाही पटली. एक मुद्दा मान्य झाला: महापालिका शाळेच्या फाटकासमोरचा बसथांबा दोनशे मीटर पुढे हलवायचा होता, तो आता आहे तिथेच राहील.